जुनी शिडाची बोट घेताना: ताज्या रंगाखाली काय लपवतात

मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, दोघांनीच हाकायची म्हणून जुनी शिडाची बोट शोधत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. दलालामार्फत आम्हाला विकलेली 26 फुटी फायबरची बोट ‘सर्व्हे झालेली, रिगिंग (म्हणजे डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि त्यांची जोडणी) नवीन, इंजिन कमी चाललेलं’ होती. तिन्ही दावे खोटे निघाले. दलालाचं नाव लिहीत नाही. लपवाछपवी कशी केली ते मात्र सांगायलाच हवं, कारण तीच युक्ती कुठल्याही बंदरात चालते.

सर्व्हेचा कागद खरा होता, पण सर्व्हेअर दलालाने बोलावलेला आणि पाहणी बोट पाण्यात असतानाची. पाण्याखालचा भाग, कील (बोटीच्या बुडाखालचा जड पंखा), प्रोपेलर, सुकाणूचा दांडा यातलं काहीच त्यात आलं नाही. सर्व्हेअर आपण निवडायचा, त्याचे पैसे आपण द्यायचे आणि बोट जमिनीवर काढूनच पाहायची. विकण्याच्या तोंडावर बोटीच्या तळाला नवा रंग दिलेला दिसला तर तो जागोजागी खरवडायला लावा. आमच्या बोटीच्या रंगाखाली नाण्याएवढे फोड होते. असा फोड टोचला की चिकट पाणी येतं, त्याला व्हिनेगरसारखा वास असतो. थोडे फोड असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही, ती किंमत कमी करून घ्यायची गोष्ट आहे. कील जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याला, जोडली जाते तिथे पुढच्या टोकाला फट किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर मात्र कील-बोल्ट तपासल्याशिवाय बोलणीच करू नका.

डेकचं दुखणं जास्त महागात पडतं. पुष्कळ बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड असतं. रेलिंगच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत उतरतं आणि लाकूड कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. धड भाग टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. आमच्या बोटीत डोलकाठीच्या बुडाभोवती बद्द आवाज येत होता आणि नेमका तिथेच खरखरीत नवा रंग मारलेला होता.

आता रिगिंग. ‘नवीन’ होते ते फक्त पॉलिश केलेले टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) आणि चकचकीत पिना. तारा जुन्याच होत्या. तार जिथे खालच्या फिटिंगमध्ये शिरते तिथे खारं पाणी साचतं आणि तुटायची सुरुवात तिथूनच होते. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तारेतली एखादी बारीक काडी तुटलेली असली तर कापूस अडकतो. फिटिंगवर केसाएवढी उभी चीर दिसते का, ते भिंगाने पाहा. तारांचं वय बिलावरून ठरवा, तोंडी सांगण्यावरून नाही. बिल नसेल तर सगळ्या तारा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. दहा-बारा वर्षांच्या तारांवर आम्ही तरी समुद्रात जाणार नाही. तारा डेकखाली ज्या चेनप्लेटना (स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना) धरून असतात, त्या केबिनमध्ये नव्या कोऱ्या प्लायवुडमागे झाकलेल्या होत्या. स्क्रू काढून पाहायला विक्रेता नकार देत असेल तर तेच उत्तर समजा. स्टेनलेस स्टीलला हवा लागली नाही आणि ते ओलं राहिलं, तर ते डेकच्या जाडीत, दिसणार नाही असं आतून गंजतं.

कोकण किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो ते लक्षात घ्या. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा मंद असतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो आणि दक्षिणेकडे जाताना सगळा ताण उजव्या बाजूच्या तारांवर येतो. त्यातली एक तुटली की डोलकाठी किनाऱ्याच्या बाजूला पडते आणि वाराही बोटीला तिकडेच रेटतो. बोटीवर माणसं दोनच. एक सुकाणूवर अडकलेला, तेव्हा हलवर आदळणारी काठी कापून सोडायला उरतो एकटा माणूस.

अशा वेळी भिस्त इंजिनवर. आम्हाला दाखवताना ते आधीच गरम करून ठेवलेलं होतं. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, ते लपवण्याचा हा नेहमीचा मार्ग. गेल्या गेल्या इंजिनला हात लावून पाहा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा. डिझेल इंजिनचं तेल थोडे तास चाललं की काळं होतं, त्यामुळे मधासारखं स्वच्छ तेल म्हणजे नुकतंच बदललेलं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. धक्क्याला बांधून नुसतं धडधडवू नका. समुद्रात नेऊन वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा. एक्झॉस्टचा एल्बो (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं वळण) मीठ आणि काजळीने बुजलेला असला की तेव्हाच तापमान चढतं आणि काळा धूर येतो. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीत ओहोटीच्या ओढीविरुद्ध शिरायचं झालं तर हाच जोर लागतो.

वयही खोटं सांगितलं होतं. परदेशी कारखान्यातल्या बोटीच्या पिछाडीला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात हल क्रमांक कोरलेला असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. आमच्या बोटीवर त्या जागी नावाची पट्टी चिकटवलेली होती. सांगितलेलं वर्ष 2009, पट्टीखालचे आकडे 98. बोट आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क खात्याचा कागद) आणि सीमाशुल्क भरल्याची मूळ पावती मागा, झेरॉक्स नको. शुल्क चुकवलेली बोट नव्या मालकाकडूनही जप्त होऊ शकते.

टोकन द्यायचंच असेल तर ‘बोट जमिनीवर काढून केलेली पाहणी समाधानकारक न ठरल्यास रक्कम परत’ हे वाक्य सहीनिशी लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या. दलालाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, मूळ जाहिरात, फोटो पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार करताना ‘रिगिंग नवीन’ हा त्याचाच संदेश पुरावा म्हणून उभा राहतो. काढलेल्या तारा आणि फिटिंग भंगारात देऊ नका. तारीख लिहून, फोटो काढून, सीलबंद ठेवा.