जुनी डिंकी सांगून नवी गळ्यात मारतात

पॅरिसजवळ राहतो आणि सिट्रोएन २सीव्ही या जुन्या फ्रेंच मोटारीची छोटी मॉडेलं जमवतो, हे कळल्यापासून पुण्या-मुंबईकडून विचारणा सुरू असते, ‘एखादी जुनी डिंकी बघ ना तिकडे.’ डिंकी म्हणजे धातूच्या खेळण्यातल्या मोटारींचा जुना ब्रँड. बघतो. पण मला १४० युरोंना जी चिकटवली, तसली तुमच्या नशिबी येऊ नये म्हणून हे लिहितोय.

जाहिरात साधी होती. आजोबांच्या माळ्यावर सापडली, मला यातलं काही कळत नाही, पिवळ्या खोक्यासकट देतो. पुढे मात्र २४टी हा डिंकीचा मॉडेल नंबर अचूक दिलेला आणि वर ‘१९४९ची’ अशी फोडणी. खरी २सीव्ही १९४९मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागली हे बरोबर, पण डिंकी बनवणाऱ्या मेकानो कंपनीच्या, पॅरिसजवळच्या बोबिन्यी कारखान्यातली तिची डिंकी आली १९५२मध्ये. काही न कळणाऱ्या माणसाला नंबर बरा माहीत! मी तारखेबद्दल विचारलं, तर ‘आजोबा तसं म्हणायचे’.

आलेली गाडी राखाडी, बॉनेटवर त्या बारीक पन्हळी. १९६०च्या अखेरपर्यंत खऱ्या गाडीचं बॉनेट तसंच असे, त्यामुळे लांबून सगळं चोख. भिंगाखाली धरली आणि रंग उडाल्याच्या खुणा खटकल्या. पोरांच्या हातात खेळलेल्या गाडीचा रंग छपराच्या कडेला, मडगार्डवर, बंपरवर उडतो. इथे दाराच्या मधोमध तीन टवके, सुरीच्या टोकाने काढावेत तसे, आणि कडा कोऱ्या करकरीत. टवक्यातला धातू चकचकीत होता. जस्ताचा मिश्रधातू इतकी वर्षं उघडा राहिला की काळवंडतो. टायरही मऊ, ना तडा, ना उभं राहून आलेला चपटेपणा.

मग उलटी केली. तळाच्या पत्र्यावर, मागच्या आसाजवळ, नखाएवढी जागा घासून वर काळा रंग फिरवलेला. पॉलिश पेपरचे ओरखडे सगळे एकाच दिशेला. तिथे काय लिहिलं असणार ते ओळखायला फार डोकं लागत नाही. एदिसियाँ आत्लास या प्रकाशन कंपनीने जुन्या डिंकींच्या प्रतिकृती परवाना घेऊन चीनमध्ये बनवून घेतल्या आणि वर्गणीदारांना विकल्या. त्यात गैर काहीच नाही. चांगल्या आहेत, माझ्याकडेही आहेत, वीस-पंचवीस युरोंना मिळतात. उत्पादनाचा देश खरवडून तीच पन्नासच्या दशकातली म्हणून विकणं ही मात्र शुद्ध लबाडी. खोकंसुद्धा चहात बुडवलेलं. आतल्या झडपांवरही तोच तपकिरी रंग, सगळीकडे सारखा. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला तर डागांमधून कागद निळसर पांढरा चमकला. हल्लीच्या कागदात उजळपणासाठी घालतात त्या रसायनाने तो तसा चमकतो. टॉर्च दहा युरोंच्या आत येतो, घेऊन ठेवा.

पैसे परत मागितले. उत्तर आलं, खासगी विक्री आहे, परत घेत नाही. फ्रान्समध्ये चौदा दिवसांत माल परत करायचा हक्क व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला असतो, घरगुती विक्रीला नाही, हे त्याला पाठ होतं. फसवून विकलेल्या वस्तूचं प्रकरण कायद्यात वेगळं, पण १४० युरोंसाठी वकील कोण करतो? शिवाय पैसे ‘मित्राला पाठवा’ या पर्यायाने घेण्याचा त्याचा आग्रह होता, कमिशन वाचतं म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, तेही त्याला पाठच असणार.

तुम्ही भारतातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी वेगळी, आणि परत पाठवायचं कुरिअर तर गाडीहून महाग. म्हणून पैसे पाठवण्याआधी तळाचा, दिवसाउजेडी, जवळून काढलेला फोटो मागा. पत्रा अडकवलेले रिव्हेटही त्यात दिसले पाहिजेत; ड्रिलने उघडून पुन्हा चिकटवलेले असतील तर टोकं सपाट किंवा डिंकाने माखलेली दिसतात. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने नवी जाहिरात दिसली. पिवळं खोकं, राखाडी गाडी, मागे तोच फुलाफुलांचा टेबलक्लॉथ. किंमत आता १६० आणि यावेळी माळा आजीचा.