हरणाऱ्याचे कसब : डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्कवरच्या न दाखवलेल्या लढतींविषयी

७ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात टॉम मॅगी आणि ब्रेट हार्ट या मल्लांत व्यावसायिक कुस्तीची एक लढत झाली. ती टीव्हीवर दाखवण्यासाठी नव्हतीच. तिची चित्रफीत पुढे सुमारे बत्तीस वर्षे कोणाला सापडली नाही, आणि न पाहिलेल्या लढतींत ती जगातली सर्वांत प्रसिद्ध लढत ठरली. मे २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या ‘नेटवर्क’ या इंटरनेटवरच्या वाहिनीने ‘होली ग्रेल’ या नावाचा एक छोटा कार्यक्रम करून ती प्रथमच लोकांसमोर आणली. या नेटवर्कवर ‘हिडन जेम्स’ नावाचा एक विभाग होता, आणि कधीच प्रक्षेपित न झालेल्या किंवा एकदा दाखवून विसरल्या गेलेल्या लढती त्यात ठेवलेल्या असत. अमेरिकेत नेटवर्क २०१४ मध्ये महिना ९.९९ डॉलर या वर्गणीने सुरू झाले, तेव्हा बहुतेकांचे लक्ष रेसलमेनियासारख्या मोठ्या कार्यक्रमांकडे होते. माझ्या मते मात्र त्या वर्गणीचे खरे मोल अशा आडबाजूच्या लढतींतच होते, आणि हा आढावा त्यांच्यापुरताच आहे.

ज्यांनी नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफचे (याच कंपनीचे तेव्हाचे नाव) पत्ते शाळेच्या दप्तरात लपवून नेले, उंची आणि वजनाच्या आकड्यांवर मधल्या सुटीत पैजा लावल्या, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. टीव्हीसाठी चित्रीकरण असे त्या दिवशी सभागृहातल्या प्रेक्षकांसाठी काही जास्तीच्या लढती होत आणि त्यांना ‘डार्क मॅच’ म्हणत. नवा मल्ल जोखायचा असला की त्याला याच लढतीत उतरवत. ‘हाउस शो’ हा दुसरा प्रकार. तमाशाचा फड जसा गावोगाव मुक्काम करत जातो, तशी ही मंडळी टीव्हीच्या प्रक्षेपणाशिवाय शहराशहरांतून खेळ करत फिरत. निकाल आधी ठरलेला असतो हे दोन्हींकडे गृहीतच होते. पण तो कोणी ठरवला, कोणासाठी ठरवला आणि हरणाऱ्याने तो कसा निभावून नेला, हे टीव्हीवरच्या झगमगाटापेक्षा या साध्या लढतींत अधिक स्पष्ट दिसते.

टॉम मॅगी हा कॅनडाचा. १९८२ च्या ‘वर्ल्ड्‌स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्पर्धेत तो दुसरा आला होता. उंच, पिळदार, देखणा, आणि एवढ्या वजनाचा माणूस कोलांट्या मारू शकतो हे पाहून कोणीही चकित व्हावे असा. त्या काळी विजेतेपदाचा पट्टा हल्क होगनकडे होता आणि सगळी कंपनी त्याच्या खांद्यांवर उभी होती. होगननंतर कोण, हा प्रश्न मालक विन्स मॅकमन यांच्या डोक्यात असणे स्वाभाविक होते. मॅगीची परीक्षा घेण्यासाठी समोर उभा केलेला ब्रेट हार्ट तेव्हा जिम नाइडहार्टबरोबर जोडीने, खलनायकाच्या बाजूने खेळणारा मधल्या फळीतला मल्ल होता. कॅल्गरीत वडील स्टू हार्ट यांच्या तालमीत तो घडला होता, आणि त्या रात्री त्याला काम एकच होते : हरायचे, पण असे की जिंकणारा खरा पैलवान वाटला पाहिजे.

ब्रेटने ते काम इतके चोख केले की पडद्यामागून लढत पाहणाऱ्या मॅकमन यांना आपला पुढचा विजेता सापडल्यासारखे वाटले, अशी कथा या व्यवसायात वर्षानुवर्षे सांगितली गेली. चित्रफीत हाती नसताना ही कथा फुगत गेली असणार, अशी मला शंका होती. लढत पाहिल्यावर ती शंका उरली नाही. पहिल्यांदा पाहताना नजर साहजिकच मॅगीवर जाते, कारण ती त्याच्यावर जावी अशीच सगळी मांडणी आहे. दुसऱ्यांदा पाहताना फक्त ब्रेटकडे पाहावे. डाव मॅगीचा असतो, पण त्याची वेळ ब्रेट साधतो. तो स्वतःहून योग्य जागी येऊन उभा राहतो, धक्क्याचे वजन स्वतःच्या शरीराने वाढवून दाखवतो, आणि नवख्या माणसाला पुढे काय करायचे हे आठवायला लागणारी उसंत आपल्याच कण्हण्या-धडपडण्यातून मिळवून देतो. आपल्याकडे पैलवान चितपट झाला की त्याचे कौतुक संपते. इथे कौतुक करावे असे जे काही आहे ते चितपट होणाऱ्यातच आहे, आणि ते कॅमेऱ्याच्या कोनांनी किंवा समालोचकाच्या आरडाओरड्याने झाकले गेलेले नाही, हे या चित्रफितीचे मोठे भाग्य म्हणावे लागेल.

पुढे मॅगीच्या लढती इतर मल्लांबरोबर लावल्या गेल्या. रॉचेस्टरला दिसलेला तो मल्ल पुन्हा दिसला नाही. दिसण्यासारखे जे होते ते समोरच्या माणसाने पुरवले होते. विजेतेपद तर दूरच, टीव्हीवरच्या मुख्य प्रवाहातही त्याला जागा मिळाली नाही. यात मॅगीचा दोष मी फारसा धरत नाही. त्याला परीक्षेत मिळालेले गुण दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरचे होते आणि ते त्याने मागितलेलेही नव्हते. कार्यक्रमाविषयी माझी मुख्य तक्रार इथेच आहे. हरवलेली चित्रफीत ब्रेटच्या स्वतःच्या संग्रहातून कशी निघाली, या शोधाच्या उत्कंठेत तो रमतो. पण ज्या माणसावर एका रात्रीच्या गैरसमजाचे ओझे टाकले गेले त्याच्या पुढच्या वाटचालीला, आणि परीक्षकाची नजर कुठे चुकली या प्रश्नाला, तेवढे वजन देत नाही. मालकाच्या वाहिनीने मालकाचा चुकलेला अंदाज तपासावा, ही अपेक्षा कदाचित जास्त असेल, तरी ती मी सोडायला तयार नाही.

रॉचेस्टरनंतर लगेच पाहावी अशी दुसरी लढत १२ ऑक्टोबर १९९२ ची आहे. कॅनडातल्याच सास्काटून शहरात, टीव्हीवर न दाखवलेल्या खेळात, ब्रेट हार्टने रिक फ्लेअरला हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. एवढा मोठा निकाल टीव्हीच्या गाजावाजाशिवाय लागावा, यामागचे कारण त्या वर्षांच्या परिस्थितीत आहे. स्टिरॉइड पुरवणारे डॉक्टर जॉर्ज झहोरियन १९९१ मध्ये दोषी ठरले होते आणि चौकशीचा रोख हळूहळू कंपनीकडेच वळत होता. १९९३ च्या अखेरीस स्वतः मॅकमन यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले आणि जुलै १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले. अशा वातावरणात फुगलेल्या दंडांचा मल्ल पोस्टरवर छापणे ही जोखीम होती. फ्लेअर आजारी होता, त्याच्याकडचा पट्टा कोणाकडे तरी द्यायचा होता, आणि मोजक्या अंगकाठीचा, रोज रात्री चांगली लढत देणारा माणूस अनेक वर्षे हाताशी उभा होता. १९८६ मध्ये ज्याच्या कसबाने दुसऱ्याचे शरीर मोठे दिसले, त्याला सहा वर्षांनी तेच कसब स्वतःसाठी वापरायची मुभा मिळाली, आणि तीही टीव्हीच्या पडद्याआडच. या दोन लढती मी एकाच बैठकीत पाहिल्या. संग्रहातल्या दुसऱ्या कोणत्याही जोडीने मला इतके समाधान दिले नाही.

लढत म्हणूनही सास्काटूनची ही कुस्ती उत्तम आहे. फ्लेअरची जुनी, छाती ठोकून मागे सरकण्याची आणि दयेची याचना करण्याची शैली ब्रेटच्या काटेकोर, एकामागून एक बांधलेल्या डावांना फार शोभते. अखेरीस पायांचा पेच घालून ब्रेट फ्लेअरला शरण यायला लावतो, तेव्हा सभागृहात उठलेला आवाज टीव्हीसाठी उठवलेला नाही हे लगेच कळते. आपण विजेतेपदाचा बदल पाहणार आहोत याची कल्पना घेऊन तिथे कोणी आलेच नव्हते.

२६ नोव्हेंबर १९९४ ची न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली लढत मात्र मी शिफारस म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. ब्रेटकडून तीनच दिवसांपूर्वी पट्टा घेतलेल्या बॉब बॅकलंडला डीझेलने आठ सेकंदांत हरवले. पाहण्यासारखे त्यात काही नाही. पण डीझेल म्हणजे केविन नॅश हा शॉन मायकल्स या मल्लाच्या गटातला होता, आणि पडद्यामागे त्या मित्रमंडळाचे वजन किती वाढले होते हे त्या आठ सेकंदांवरून समजते.

या मंडळाला ‘क्लिक’ म्हणत. मायकल्स, नॅश, रेझर रॅमन म्हणून खेळणारा स्कॉट हॉल, हंटर हर्स्ट हेल्म्सली आणि शॉन वॉल्टमन. १९ मे १९९६ रोजी त्याच गार्डनमध्ये, टीव्हीवर न दाखवलेल्या खेळात, त्यांनी जे केले त्याला आजही ‘कर्टन कॉल’ म्हणतात. हॉल आणि नॅश डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीकडे चालले होते, कारण तिथे हमीचा पगार मिळणार होता आणि इथे तो नव्हता. मायकल्स आणि नॅश यांची पिंजऱ्यातली लढत संपल्यावर हॉल रिंगणात आला, मग हेल्म्सली आला, आणि कथेत एकमेकांचे वैरी असलेले हे चौघे सर्वांसमोर गळ्यात गळे घालून निरोप घेऊ लागले. एका प्रेक्षकाने हातातल्या कॅमेऱ्यावर ते टिपले नसते तर ती रात्र सभागृहापुरती राहिली असती.

कुस्ती ही करमणूक आहे हे कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे मान्य केले होते, मग सात वर्षांनी चार मित्रांच्या मिठीने एवढे काय बिघडले, असा प्रश्न वाचकाला पडेल. मला वाटते, बिघडले ते गुपित फुटल्यामुळे नव्हे. खलनायकाशी कटुता टिकवण्यासाठी आयुष्यभर प्रवासातही वेगळ्या गाड्यांतून जाणारी जुनी माणसे अजून त्याच कंपनीत काम करत होती, आणि त्यांच्या शिस्तीला या चौघांनी खासगी स्नेहापेक्षा कमी लेखले. दोघे सोडून जात होते, मायकल्सकडे पट्टा होता, म्हणून शिक्षा एकट्या हेल्म्सलीला झाली. त्या वर्षीची ‘किंग ऑफ द रिंग’ स्पर्धा त्याला मिळणार होती, ती २३ जून रोजी स्टीव्ह ऑस्टिनने जिंकली आणि त्या रात्रीच्या भाषणातून त्याची पुढची सारी कीर्ती सुरू झाली. हॉल २७ मे रोजीच डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात दिसला होता, नॅश १० जूनला दिसला, आणि जुलैत होगन त्यांना जाऊन मिळाल्यावर टीव्हीवरच्या स्पर्धेचे पारडे कित्येक महिने त्या बाजूला झुकले.

या घटनेची चित्रफीत पाहणाऱ्याने उत्तम चित्रणाची अपेक्षा ठेवू नये. कॅमेरा हलतो, मध्येच कोणाचे डोके आड येते, आवाज फाटतो. तरीही कंपनीच्या सफाईदार कॅमेऱ्यांनी टिपलेल्या शेकडो क्षणांपेक्षा मला ते चित्रण अधिक विश्वासाचे वाटते, कारण ते कोणाच्या परवानगीने झालेले नव्हते. कंपनीने पुढे तेच चित्रण स्वतःच्या कथेत वापरले आणि आज ‘कर्टन कॉल’ हा तिच्या अभिमानाच्या इतिहासाचा भाग झाला आहे. शिक्षा भोगलेला हेल्म्सली म्हणजेच ट्रिपल एच आता कंपनीच्या सर्जनशील बाजूचा प्रमुख आहे. संग्रहाचा राखणदार आणि त्या राजकारणातला पक्षकार इथे एकच आहेत, हे पाहणाऱ्याने प्रत्येक मुलाखत ऐकताना लक्षात ठेवावे. निवेदनाशिवाय ठेवलेल्या लढती मला निवेदन असलेल्या माहितीपटांपेक्षा मोलाच्या वाटतात त्या याचसाठी. माहितीपटात भूतकाळ आवरून ठेवलेला असतो. नुसत्या लढतीत मात्र कोण कोणासाठी कष्ट घेतो आहे आणि कोण नुसता उभा आहे, हे दिसतेच.

उपलब्धतेविषयी थोडे. अमेरिकेत हे नेटवर्क मार्च २०२१ मध्ये पीकॉक या सेवेत विलीन झाले आणि त्या बदलात काही जुने, आक्षेपार्ह प्रसंग काढूनही टाकले गेले. भारतात १ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आहेत. केवळ जुन्या संग्रहासाठी वर्गणी घेणार असाल, तर हवी ती लढत तिथे आहे की नाही हे मल्लाच्या नावाने आधी शोधून पाहावे.

रॉचेस्टरची लढत मिळाली तर ती शोधकथेच्या आधी पाहावी. मॅगीने हात वर करून टाळ्या घेतल्यावरही चित्रफीत थांबवू नये आणि नजर खाली पडलेल्या ब्रेटवरून हलवू नये. त्याचे काम तेव्हाही चालूच असते.