पहिली डाउनहिल सायकल लाखाच्या आत बसवायची तर? सेकंडहँड ट्रेक रोस्को ७ चा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही डाउनहिल सायकल नाहीये. खरी डाउनहिल सायकल म्हणजे पुढे डबल क्राउनचा फोर्क (पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन पाय, वर दोन ठिकाणी जखडलेले), पुढेमागे २०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन दबायची जागा, बऱ्याचदा मागे सातच गिअर, सोळा-सतरा किलो वजन, आणि ती चढावर चालवायची नसतेच, लिफ्टने नाहीतर गाडीत टाकून वर न्यायची आणि खाली सोडायची. आता पुण्यात कुठे आली लिफ्ट? वेताळ टेकडी घ्या, बाणेरची घ्या नाहीतर बोपदेव-कानिफनाथची बाजू घ्या, दहा मिनिटं खाली यायचं तर पाऊण तास वर घाम गाळावाच लागतो, त्यामुळे तसली सायकल फुकट मिळाली तरी मी घेणार नाही. पण उतार तर मारायचाय आणि बजेट लाखाच्या आत, मग काय घ्यायचं, हा प्रश्न मला हल्ली आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी घेतली ट्रेकची रोस्को ७, तिसरी जनरेशन, एस साइज, सेकंडहँड, सत्तर हजारांना. विकणारा अमेरिकेतून परत आलेला होता, घरसामानाच्या कंटेनरमधून सायकल पण घेऊन आला आणि इथल्या ट्रॅफिकमध्ये दोनदा काढून मग गॅलरीत उभी करून ठेवली. असे लोक पुण्यात भरपूर आहेत राव, शोधत राहा.

हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, फक्त पुढे १४० मिलिमीटर. इथेच बरेच जण नाक मुरडतात, की डाउनहिलला मागे शॉकअप नको का? हवा की, पण चांगला हवा, आणि चांगला रिअर शॉक असलेली नवी सायकल आपल्या बजेटच्या बरीच वर सुरू होते. खाली जे मिळतं ते म्हणजे चौकातल्या दुकानात बाहेर टांगलेल्या पंधरा-वीस हजाराच्या ‘डबल शॉक, डबल डिस्क, २१ गिअर’वाल्या सायकली. त्यांच्याबद्दल स्पष्टच बोलते, टेकडीवर त्या नेऊ नका. मागचा शॉक म्हणजे नुसती स्प्रिंग, आत तेलाचं डॅम्पिंग काही नाही, दगडावर दणका बसला की तेवढ्याच जोरात सीट तुम्हाला वर फेकते. पिव्हटला, म्हणजे मागचा भाग जिथे हलतो त्या सांध्याला, धड बेअरिंग नसतात, थोडे दिवस चालवली की मागचं चाक हाताने हलवून बघा, डावी-उजवीकडे डुलतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, आट्यांवर बसणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील (गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) असतं, त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत येतं, तिथून पुढे अॅक्सल, म्हणजे चाकाची आस, तसाच आधाराशिवाय राहतो आणि दोन-चार उड्यांत वाकतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. मला तर एका दुकानात, नाव नाही घेत, दोन फुटांचे ड्रॉप, म्हणजे वरून खाली उड्या, आरामात मारा म्हणून जी सायकल दाखवली तिच्याच मॅन्युअलमध्ये उड्या मारू नका असं चित्रासकट छापलं होतं.

हे मॅन्युअल प्रकरण महत्त्वाचं आहे. सायकलींना वापरानुसार कॅटेगरी असतात, एएसटीएम एफ २०४३ नावाचं स्टँडर्ड आहे त्याच्यात. कॅटेगरी १ म्हणजे डांबरी रस्ता, २ म्हणजे कच्चा रस्ता आणि सहा इंचापर्यंतचे ड्रॉप, ३ म्हणजे खडबडीत पायवाट आणि दोन फुटांपर्यंतचे ड्रॉप, ४ मध्ये चार फुटांपर्यंत, आणि ५ म्हणजे खरं डाउनहिल, मोठ्या जंपा वगैरे. फ्रेमवर स्टिकर असतो नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. विकत घेताना गिअर मोजण्याआधी हा आकडा विचारा, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. किमान ३ हवीच, आणि ३ असेल तर चार फुटांवरून उडी टाकायचे व्हिडिओ बघायचे फक्त.

तर रोस्को का? माझं साधं म्हणणं आहे की पहिल्या सायकलला सगळे पैसे पुढच्या बाजूला आणि ब्रेकमध्ये जायला हवेत. मागे सस्पेन्शन नसलं तर तुमचे गुडघे आहेत, पण पुढचं चाक निसटलं तर तोंडावरच जाता.

हेड अँगल बघा, म्हणजे फोर्क जमिनीशी किती कलता लावलाय ते. ट्रेकच्याच जुन्या मार्लिनसारख्या क्रॉसकंट्री छापाच्या हार्डटेलला हा साडेएकोणसत्तर अंशांच्या आसपास असायचा, नव्या मार्लिनला कंपनीने साडेसहासष्टपर्यंत आणला, रोस्कोला ६५ आहे. चार-पाच अंशांनी काय होतंय असं वाटेल, पण वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरताना जिथे पायवाट एकदम खाली वळते तिथे फरक कळतो. पूर्वीच्या सायकलवर तिथे वाटायचं की आता आपण हँडलवरून पुढे जाणार, हात ताठ, दोन्ही ब्रेक गच्च दाबलेले, आणि चाक दगडाला टेकून थांबलं की पोटात गोळा. रोस्कोचं पुढचं चाक इतकं पुढे आहे की तोच दगड आला तरी चाक त्याच्यावर चढतं, सीट ड्रॉपरने खाली गेलेली असते, आणि आपण मागे सरकायला मोकळे. आता तिथे ब्रेकवर एक-एकच बोट असतं.

ड्रॉपर पोस्ट म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबून सीटवर भार दिला की सीट खाली, भार काढून परत दाबला की वर. ही चैन नाही हो, गरज आहे. आपल्या टेकड्यांवर चढ-उतार-चढ-उतार चालू असतं, प्रत्येक वेळी थांबून कोण सीट खाली करणार, मग कुणी करतच नाही आणि उंच सीटवर बसूनच उतरतात. नव्या सायकलला ड्रॉपर नसेल तर निदान फ्रेममध्ये केबलची जागा आहे का बघून ठेवा, नंतर लावता येतो.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच सगळे कंजूषपणा करतात. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ रिपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली ना, ती पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरायची, मागे पायडल उलटं मारल्यावर लागणारा ब्रेक, आणि खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, दरवेळी नवीन ग्रीस भरायला लागायचं. पन्नास वर्षं होत आली तरी उतारावर पहिलं मरतं ते ब्रेकच. केबलवाले मेकॅनिकल डिस्क शहरात ठीक आहेत, पण लांब उतारावर बोटं इतकी दुखतात की शेवटच्या वळणाला दाबायची ताकदच उरत नाही. हायड्रॉलिकच घ्या, तेलाच्या दाबावर चालणारे. माझ्या सायकलला आधीच्या मालकाने मूळचे काढून शिमानोचे एमटी ४२० बसवलेले, चार पिस्टनचे, हा प्लस पॉइंट मी किमतीत धरला. नव्या बजेट सायकलींवर साधारण दोन पिस्टनचे येतात, सुरुवातीला चालतात, पुढचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, १८० मिलिमीटरचा असेल तर उत्तमच. एक बारीक गोष्ट, स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं, त्यावर जास्त टिकतात म्हणून मेटल पॅड लावले तर रोटरच घासून संपतो. आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल, डॉट फ्लुइड नाही! मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये नेऊन ‘ब्रेक ऑइल टाका’ म्हणालात तर सील फुगून ब्रेकची वाट लागेल.

आता नावं ठेवायची वेळ. रोस्को ७ चा फोर्क सनटूरचा एक्ससीआर ३४, आतमध्ये कॉइल स्प्रिंग. पाय जाड आहेत, थ्रू अॅक्सल आहे, म्हणजे चाक आरपार जाड दांड्याने धरलेलं, पुढचं चाक वळणात अजिबात पिळत नाही, इथपर्यंत छान. पण स्प्रिंग सरासरी पुरुषाच्या वजनाला धरून बसवलेली, आणि माझं वजन पंचावन्न किलो. फोर्कच्या पायाला झिप टाय बांधून उतरले, खाली येऊन बघितलं तर १४० पैकी साधारण नव्वदच वापरला गेलेला, बाकीचा कोरा. म्हणजे पैसे १४० चे आणि मजा नव्वदची. प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायचं, बटण फिरवून यात काही फरक पडत नाही, मऊ स्प्रिंग मागवावी लागते, ती शोधायला वेळ गेला, बसवल्यावर मात्र फोर्क बराच सुधारला. एअर फोर्क असता तर पंपाने हवा कमी केली की काम झालं असतं. वजनाने हलक्या असाल, विशेषतः मुलींनो, तर एअर फोर्कसाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. ऐंशी किलोच्या माणसाला ही तक्रार येणारच नाही, माझा भाऊ हीच सायकल घेऊन उतरला आणि म्हणाला फोर्क एकदम मस्त आहे, काय बोलणार.

वजन पण आहेच, पंधरा किलोच्या घरात. एआरएआयच्या रस्त्याने वेताळ टेकडीवर चढताना २.६ इंची जाड टायर रस्त्याला चिकटल्यासारखे वाटतात आणि शेजारून रोडबाइकवाले काका ‘चला चला’ करत निघून जातात. रोज ऑफिसला पण हीच न्यायची असेल तर घेऊ नका, कंटाळाल.

टायर मात्र वरदान आहेत. आपल्या टेकड्यांवर वरचा मुरूम सुटा आणि खाली टणक बेसाल्ट, वळणावर फरशीवर ज्वारी सांडावी तसं चाक घसरतं. ट्यूबलेस करून घेतले, म्हणजे आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं सीलंट भरलेलं, पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयच्या आसपास ठेवते, घाणेरीचे आणि बाभळीचे काटे घुसतात पण सीलंट सांभाळून घेतं. ट्यूब ठेवून एवढी कमी हवा ठेवलीत तर दगडावर रिम आपटून एकदम दोन भोकांचं पंक्चर होणार हे नक्की. पावसाळ्यात काळ्या मातीच्या बाजूला मी जात नाही, चाक आणि फ्रेममध्ये चिखल असा बसतो की सायकल उचलून आणावी लागते, आणि ओल्या कातळावर शेवाळ असेल तर कुठलाच टायर धरत नाही.

ही नाही मिळाली तर? नवी घ्यायची तर दुकानात तीन गोष्टी हात लावून बघा. फ्रेमची हेडट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यातून वर जातो ती पुढची नळी, खाली जाड, वर बारीक, म्हणजे टेपर्ड आहे का, कारण सरळ असेल तर पुढे चांगला फोर्क जवळजवळ मिळतच नाही. पुढच्या चाकाला थ्रू अॅक्सल आहे का, की आपली साधी क्विक रिलीज. आणि मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चकत्यांचा गठ्ठा) आहे की फ्रीव्हील; कॅसेटच हवी. तिन्हीची उत्तरं बरोबर असतील तर गिअर नऊ असोत की बारा, पुढे एकच चेनरिंग असली की झालं. शंभर मिलिमीटरच्या फ्रेमवर एकशे चाळीसचा फोर्क टाकू असला जुगाड मात्र डोक्यातून काढा, पुढून सगळी भूमिती बदलते, हेडट्यूबवर जास्त जोर येतो आणि वॉरंटी गेलीच.

सेकंडहँड बघायला जाताना दिवसाउजेडी जा. सायकल उलटी करा, डाउनट्यूब (पायडलकडे जाणारी खालची तिरकी नळी) जिथे हेडट्यूबला जोडते तिथली खालची बाजू ओल्या फडक्याने पुसून वेल्डिंगशेजारी केसाएवढी चीर किंवा रंगाच्या सुरकुत्या दिसतात का बघा, पुढून धडकलेली सायकल तिथेच बोलते. फोर्कच्या चकचकीत पायांवर नख वरपासून खालपर्यंत फिरवा, कुठे अडकलं तर ओरखडा आहे आणि तिथून तेल गळणार. फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, पायांवर तेलाचं ओलं रिंगण उमटलं तर सील गेले, सर्व्हिसचे पैसे किमतीतून कमी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, खटखट हाताला लागली तर हेडसेट, म्हणजे हेडट्यूबमधली बेअरिंग, ढिली किंवा गेलेली. आणि मूळ बिल मागा, फ्रेम नंबर जुळवा, पुण्यात सायकली किती चोरीला जातात ते सोसायटीच्या ग्रुपवर बघताच आपण. बिल नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघायचं.

सत्तर हजारात भागतं का, तर नाही. हेल्मेट आणि गुडघ्याच्या पॅडसाठी वेगळे पैसे आधीच बाजूला काढा, त्यासाठी सायकल पाच-सात हजारांनी स्वस्तातली घ्यावी लागली तरी चालेल. जोरात उतरणार असाल तर हनुवटी झाकणारं फुलफेस हेल्मेट, त्यावर एएसटीएम एफ १९५२ लिहिलेलं असतं, ते डाउनहिलचं स्टँडर्ड आहे. घरातलं स्कूटरचं हेल्मेट घालून येणारे बरेच दिसतात, चढावर त्यात जीव गुदमरतो, मग काढून हँडलला अडकवतात आणि उतरताना घालायचं विसरतात.

बाकी खर्च बेताचा. मागे सस्पेन्शन नसल्याने पिव्हट, रिअर शॉक ही कटकटच नाही, फोर्कचं खालचं तेल मी स्वतःच बदलते, चेन घासलीये का ते मोजायची पट्टी घरात आहे. फक्त मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर एक जास्तीचा आधीच मागवून बॅगेत ठेवा, दगडावर आपटला की तोच वाकतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि दुकानात नेमका आपलाच नसतो.