कोनमापक, तंगूस अन् ट्रॅक्टरचा नट: आठ महिने वापरून काय वाटलं

आधीच सांगतो, मी मास्तर नाही. औसा तालुक्यातल्या एका गावात ठिबकचं फिटिंग करतो अन् माझ्या दहावीला गणितात काठावर निघालेला माणूस आहे. भाची मागच्या जूनपासून आमच्याकडं राहायला आहे, दहावी, मराठी मीडियम, अन् भूमितीचा पेपर म्हणलं की लेकराचं पोट दुखायचं. म्हणून दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे वर्षाचे पैसे भरून प्रॅक्टिसचं अ‍ॅप, त्याचं नाव घेत नाही, भांडण नको. दुसरं घरी बनवलेलं उन्नत कोन, म्हणजे वर बघताना नजर आडव्या रेषेपासून किती वर जाते तो कोन, मोजायचं यंत्र, क्लायनोमीटर म्हणतात त्याला. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या दुसऱ्याचा आहे, अ‍ॅपचं मधी मधी येईल.

बनवायला काय लागतं तर कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक, एक स्ट्रॉ, वीतभर दोरा अन् वजनाला नट. कोनमापक उलटा धरायचा, म्हणजे सरळ बाजू वर, त्या बाजूला स्ट्रॉ चिकटपट्टीनं पक्की करायची, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली नट सोडायचा. स्ट्रॉमधून झाडाचा शेंडा बघायचा अन् दुसऱ्यानं दोरा कुठल्या आकड्यावर आला ते वाचायचं. एकट्याचं काम नाही हे, डोळा शेंड्यावर असताना आकडा वाचता येत नाही अन् वाचायला गेलं की हात हलतो. पहिला शिलाईचा दोरा श्रावणातल्या वाऱ्यात नुसता भिरभिरायचा, म्हणून मासे धरायचा तंगूस लावला अन् नट बदलून ट्रॅक्टरचा जड नट टाकला, तेव्हा कुठं शांत झालं.

पहिली टेस्ट आमच्याच घराची. गच्चीच्या कठड्यावरून टेप खाली सोडून खरी उंची आधीच घेतली होती, ६.८० मीटर. भाची ६ मीटर लांब उभी राहिली, दोरा आला ४८ वर. टॅन म्हणजे त्या कोनासाठी उंची भागिले अंतर, तिनं टॅन ४८ म्हणजे १.११ धरून सहानं गुणलं, उत्तर ६.६६ मीटर. फक्त १४ सेंटीमीटरचा फरक! आम्ही लई खुश, बायकोनं चहा केला, मी दोन पोरांना बोलवून दाखवलं पण.

अन् ते साफ चूक होतं.

कळलं कधी, तर पुढच्या आठवड्यात गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी. २० मीटरवरून दोरा ५२ वर आला, टॅन ५२ म्हणजे १.२८, टाकी निघाली २५.६ मीटर. पाणी सोडणारे आबा तिथंच बसलेले, म्हणाले, "काय मोजायलाव? पंचवीस मीटर? खांब बारा मीटरचे हायत, वर टाकी अन् घुमट. दौलताबादचा मिनार हाय का काय ही?" (चांदमिनार ६० मीटरच्या वर जातो, त्यामुळं आबांनी पण जरा जास्तच ताणलं, पण मुद्दा बरोबर.) घरी येऊन चित्र काढलं तेव्हा उजेड पडला. स्ट्रॉ आडवी सरळ धरली तर दोरा ९० वर असतो, शून्यावर नाही. म्हणजे उन्नत कोन हा दोऱ्याचा आकडा नसून ९० मधून तो आकडा वजा केल्यावर जे उरतं ते. टाकीसाठी ३८ अंश, टॅन ३८ म्हणजे ०.७८१, गुणिले २० म्हणजे १५.६, अन् त्यात भाचीच्या डोळ्याची उंची १.४ मिळवायची, कारण कोन जमिनीपासून नाही, डोळ्यापासून मोजलाय. १७ मीटर. आबांच्या हिशोबाला जुळतं.

मग गच्चीचं परत बघितलं. कोन ४८ नाही, ४२. टॅन ४२ म्हणजे ०.९, गुणिले ६ म्हणजे ५.४, अधिक १.४, बरोब्बर ६.८०. म्हणजे पहिल्या वेळी तिनं दोन चुका केल्या, कोन उलटा घेतला अन् डोळ्याची उंची विसरली, अन् त्या दोन्ही चुका एकमेकीला खाऊन उत्तर जवळ आलं. ४५ अंशाच्या आसपास असल्यामुळं असं झालं, तिथं कोन उलटा घेतला तरी आकडा फार हलत नाही. मला रात्री झोप लागेना राव, कारण हेच आपल्या पोरीचं बाकीच्या गणितात पण होत असेल तर कळणार कसं?

अन् तेच होत होतं. अ‍ॅपवर तिला महत्त्वमापन, वर्गसमीकरणं सगळ्याला ९० च्या वर टक्के, हिरवे टिक, फटाके फुटायलेत स्क्रीनवर. मी एक दिवस शेजारी बसून नुसतं बघितलं. गणित असं, आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, रुंदी किती. खाली चार पर्याय. तिनं समीकरण मांडलंच नाही, पर्याय एकेक टाकून बघितले, ५ गुणिले १२ साठ, टिक, पुढं चला. हुशारी आहे ती, नाही म्हणत नाही. पण वही कोरी. बोर्डाच्या ४० मार्कांच्या पेपरात पर्यायाचे प्रश्न ४ मार्कांचे, बाकी सगळं मांडून दाखवायचं असतं अन् मार्क पायऱ्यांना असतात. एक्सचा वर्ग अधिक ७ एक्स वजा ६० बरोबर शून्य, अवयव एक्स अधिक १२ अन् एक्स वजा ५, म्हणून एक्स बरोबर वजा १२ किंवा ५, रुंदी ऋण नसते म्हणून ५. ही शेवटची ओळ, वजा १२ कामून सोडलं, ती कधीच लिहिली नव्हती पोरीनं, कारण पर्यायात वजा १२ नव्हतंच.

तर तेव्हापासून घरात एकच नियम, कुठलंही गणित दोन रीतींनी. अवयवानं केलं की सूत्रानं पण करायचं, नाहीतर उत्तर मूळ समीकरणात टाकून बघायचं. दोन चलांची समीकरणं लोप करून सोडवली की निश्चयकानं परत. वेळ दुप्पट लागतो. ऑगस्टमध्ये दिवसाला चार गणितं व्हायची फक्त, अ‍ॅपवर चाळीस व्हायची, अन् भाची वैतागून म्हणायची, "मामा, तुमच्यामुळं पोर्शन राहणार माझा." दिवाळीनंतर वेग आला, पण ते तीन महिने वाईट होते, कुणी करणार असेल तर तयारीनं करा.

यंत्रावर पण तोच नियम लावला, एक उंची दोन जागांवरून. टाकीला आता कुंपण झालंय, बुडापर्यंत टेप जात नाही, म्हणून पुस्तकातली दोन ठिकाणांवरून कोन घ्यायची रीत खरंच वापरायला मिळाली. जिथं ३८ अंश येतो तिथून सरळ मागं सरकत गेलो, ३० अंशाला थांबलो, मधलं अंतर ७ मीटर. हिशोब करून उंची आली १५.५, अधिक १.४, म्हणजे १६.९. मस्त जुळलं. पण गंमत ही की दुसऱ्या दिवशी तिनं ३० च्या जागी ३१ वाचलं अन् उंची आली साडेएकोणीस! एका अंशात अडीच मीटरच्या वर फरक. दोन जागांमधलं अंतर कमी असलं की असं होतं, दोन्ही टॅन जवळजवळ अन् वजाबाकीत चूक फुगते. बुडापासून थेट मोजताना एवढं होत नाही, २० मीटरवरून एक अंश चुकला तर अर्धा-पाऊण मीटर. अन् फार जवळ जाऊन मान वर करून ७० अंशाला बघितलं तर परत चूक वाढते, ४५ च्या आसपास उभं राहिलं तर सगळ्यात कमी. हे कुठल्या गाइडात बघितलं नव्हतं, सकाळी सात वाजता टाकीखाली उभं राहून कळलं.

मोबाईलमधलं कोन दाखवणारं फुकटचं अ‍ॅप पण लावून बघितलं. दशांशात आकडा देतं, भारी वाटतं, पण माझ्या फोनचा कॅमेरा एका बाजूला वर आलेला असल्यामुळं टेबलावर ठेवला तरी शून्य दाखवत नाही. आमचा नट बरा.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. पावण्यांनी शेततळं घ्यायचं काढलं, वर ३० बाय ३० मीटर, खोली ३, बाजूला एकास एक उतार. पोकलेनवाल्यासोबत घनमापावर भाव ठरला अन् त्यानं सरळ ३० गुणिले ३० गुणिले ३, २७०० घनमीटर लावले. भाचीनं विचारलं, तळ किती बाय कितीचा? उतार एकास एक म्हणजे ३ मीटर खाली जाताना दोन्हीकडून ३-३ मीटर आत, तळ २४ बाय २४. पुस्तकात बादलीसाठी शंकूछेदाचं सूत्र आहे ना, तेच चौकोनाला लावलं, वरचं क्षेत्रफळ ९००, खालचं ५७६, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ७२०, बेरीज २१९६, गुणिले उंची भागिले ३, उंची तीनच असल्यामुळं २१९६ घनमीटर. नियमाप्रमाणं दुसऱ्या रीतीनं पण, अगदी मधल्या खोलीवर तळं २७ बाय २७, गुणिले ३, २१८७. जवळ आलं, म्हणजे धोका नाही. फरक ५०४ घनमीटर. १०० घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे १७८ ब्रास न काढलेल्या मातीचं बिल. तो माणूस वाईट नव्हता हो, बसून समजून घेतलं त्यानं, सगळीकडं असंच लावत आलोय म्हणाला. बिल कमी झालं अन् त्या दिवसापासून भाची महत्त्वमापनाला घाबरली नाही. विहिरीचं पण तिनं आपणहून काढलं, ६ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. आमच्या इथं अजून परसात बोलतात, परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली, दोन परस पाणी आहे, तीन परस आहे, त्यामुळं मोटर किती तास चालेल हा अंदाजच असायचा.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं बांबूचं गणित पण याच नादात घावलं. ३२ हात बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला किती उंचीवर? (भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता, म्हणजे तसं घरचंच गणित.) भाचीला वाटलं वर्गसमीकरण येणार, पण दोन्हीकडचे वर्ग उडाले, राहिलं ६४ एक्स बरोबर ७६८, एक्स बारा. दुसरी रीत मी सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. १२, १६, २० म्हणजे ३, ४, ५ ची चौपट. गवंडी पाया आखताना गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायला दोरीनं हेच करतात, मी पण लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, टाकताना करतो. पायथागोरस मला येत होता की वीस वर्षं, फक्त माहीत नव्हतं.

तोटे पण लिहितो. अंशाच्या आतलं हे यंत्र वाचत नाही. स्ट्रॉ उन्हात वाकते, आतापर्यंत पाच बदलल्या. चिकटपट्टी ढिली होऊन स्ट्रॉ तिरपी झाली तर सगळे कोन सारखेच चुकतात अन् लक्षात येत नाही, म्हणून दर वेळी आधी गच्चीवर ४२ येतो का बघायचं. रोज रोज मोजायला जायचं नाही, महिन्यातून दोन-तीनदा बास, बाकी वही. श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी यांना याचा काडीचा उपयोग नाही. परीक्षेत ३०, ४५, ६० हेच कोन जास्त येतात अन् कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळं ती किमतींची टेबलं पाठच करावी लागतात, त्याला अ‍ॅप बरं आहे, लाईट गेल्यावर पण मोबाईलवर पाच मिनिटं होतं.

अ‍ॅपचं पॅकेज जूनमध्ये संपतंय, रिन्यू करा म्हणून मेसेज यायलेत, मी करणार नाही. पेपर झालेत, निकाल यायचाय. यंत्र सध्या शेजारच्या नववीतल्या पोराकडं आहे. काल तो सांगत आला, काका तुमची गच्ची ६.६६ मीटर आहे. मी काही बोललो नाही, म्हणलं उद्या सकाळी टाकीकडं जाऊ.