दुनळीचा पोचा निघाला, पण ‘उद्या या’ फार

वडिलांची बारा बोरची दुनळी बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटली आणि उजव्या नळीला हरभऱ्याएवढा पोचा पडला. भाऊ म्हणाला, लाकडाचा गुटका घालून घरीच ठोकू. म्हटलं, गप बस बे! सोलापुरातल्या परवानाधारक दुकानात नेली. कारागिरानं साडेअठरा मिलिमीटरच्या नळीत तेल लावून पितळी गुटका सरकवला. तो आतून जरा जरा फुगवायचा, बाहेरून पितळी हातोडीनं टकटक. “जोर लावला की नळी पातळ होते,” म्हणाला. उजेडाकडे धरून नळीत बघितलं, पोच्याची सावली गेलेली. बाहेरचा निळा रंग मात्र तिथं खरवडलाय. आणि चार वेळा “उद्या या”. प्रत्येक खेपेला नव्या पेठेत चहा माझ्याच खिशातून.