कूलंटच्या भावात गुलाबी पाणी : जुनी गाडी असेल तर वाचा

सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजने मला ‘पाच वर्षं चालणारं इम्पोर्टेड कूलंट’ (इंजिन थंड ठेवणारा, रेडिएटरमध्ये भरायचा द्रव) म्हणून चक्क रंगीत पाणी विकलं. गाडी वडिलांची, जुनी महिंद्रा एमएम ५४०. प्यूजोचं डिझेल इंजिन, तांब्या-पितळेचा रेडिएटर. अशा गाड्या पुण्यात अजून जिवापाड जपल्या जातात आणि ही मंडळी नेमके त्यांचेच मालक हेरतात, म्हणून हे लिहितोय.

“दादा, हिरवं आता कोण वापरतं? गुलाबी टाका, पाच वर्षं बघायला नको,” असं सांगून त्यांनी बिलात रेडिएटर फ्लश (आतून धुऊन गाळ काढणं), कॉन्सन्ट्रेटचे (पाण्यात मिसळायच्या घट्ट कूलंटचे) डबे आणि डिस्टिल्ड वॉटर लावलं. रिकामे डबेही दाखवले.

सातारला जाताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढलं (गरम असताना कधीही काढू नका, वाफेने चेहरा भाजतो), तर तोंडाशीच तपकिरी चिखल. फ्लश झालाच नव्हता.

नाना पेठेतल्या ओळखीच्या रेडिएटरवाल्या चाचांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्रव किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या) काचेवर एक थेंब टाकला आणि मलाच बघायला दिलं. रेषा शून्याच्या जरा खाली. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ती उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसते. म्हणजे ग्लायकॉल जवळजवळ नव्हतंच. मग त्यांनी डाख वितळवून वरची टाकी उघडली. निम्म्या नळ्या गंजाच्या गाळाने बुजलेल्या.

‘पुण्यात कुठे बर्फ पडतो, पाणीही चालतं’ हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. साफ चूक. आपल्याकडे कूलंटचं खरं काम गंज रोखणं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणं. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये नुसतं पाणी गेलं की गंज ठरलेला, बोअरचं असेल तर वर क्षारांचा थर.

आणि माल अस्सल असता तरी माझ्या गाडीला तो योग्य नव्हता. पाच वर्षंवाली बहुतेक कूलंट सेंद्रिय आम्लांवर चालतात. शिशाच्या डाखाला, पितळेला ती पुरेसं संरक्षण देतीलच असं नाही. जुन्या रेडिएटरला सिलिकेट असलेलं साधं, जुन्या धाटणीचं कूलंट बरं, दर दोन वर्षांनी बदलायचं. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. रंग कंपनी हवा तो घालते. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची भारतीय आणि जपानी मानकं) आहे का आणि कुठल्या धातूंसाठी आहे ते वाचा. दोन प्रकार एकत्र तर मुळीच करू नका, काहींची जेली होते.

डब्याचं सील आपल्यासमोर फोडायला लावा. शंका आली तर रेडिएटरमधलं थोडं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, वर जागा सोडून घ्या आणि खाण्याच्या वस्तूंपासून लांब, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंत जातो. निम्मं ग्लायकॉल असेल तर ते गोठत नाही, रंगीत पाण्याचा दगड होतो. चव मात्र कुणी बघू नये. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, सांडलं तर कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी धुऊन टाका.

गॅरेजवाल्याने ‘गाडीच म्हातारी झालीय’ म्हणून हात झटकले. बिलावर ‘कॉन्सन्ट्रेट’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि रेडिएटरमधून काढलेला नमुना चाचांनी बाटलीत भरून दिलाय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ज्यांना असंच गुलाबी पाणी मिळालंय, त्यांनी बिल आणि नमुना दोन्ही सांभाळून ठेवा.