गंगाबलच्या ट्राउटसाठी नारानागहून मिळणारी सेवा

काश्मीरमध्ये ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरण्यासाठी जाणारे बहुतेक हौशी लोक पहलगामजवळच्या लिद्दर नदीवर किंवा सोनमर्गच्या वाटेवर सिंध नदीच्या काठी थांबतात, कारण तेथे गाडी जवळजवळ पाण्यापर्यंत जाते. आम्हाला तळ्यावर गरवायचे होते, म्हणून हरमुख पर्वताच्या पायथ्याचे गंगाबल आणि त्याच्या किंचित खालच्या अंगाला असलेले नुंदकोल ही दोन तळी आम्ही निवडली. वाटाड्या, घोडे, तंबू, जेवण आणि मासेमारीचा परवाना ही सगळी व्यवस्था, जेथून या तळ्यांची चढण सुरू होते त्या नारानाग गावात राहणाऱ्या एका कुटुंबाकडे सोपवली होती. अशी कामे करणारी तेथे आणखीही कुटुंबे आहेत, त्यामुळे हा अभिप्राय त्या प्रकारच्या सेवेविषयी आहे असे समजावे.

या सेवेचा खरा कस पहिल्या फोनवरच लागला. किती माणसे येणार, पैसे कसे देणार, हे विचारण्याआधी त्यांनी तारखा विचारल्या आणि त्या बदलायलाही लावल्या. ट्राउटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असतो. या पाण्यातली ट्राउटची जात, ब्राउन ट्राउट, थंडीच्या तोंडावर अंडी घालते, म्हणून पुढचे महिने मासेमारी बंद राहते. कागदावर हंगाम एप्रिलपासून असला, तरी गंगाबलच्या वाटेवरचे बर्फ जूनपर्यंत पुरते हटत नाही. म्हणजे हातात येतात ते जुलै ते सप्टेंबर एवढेच महिने. त्यातही भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास, आपल्याकडे गौरी बसलेल्या असतात त्या सुमारास, काश्मिरी पंडितांची गंगाबल यात्रा असते. हे तळे त्यांना गंगेइतके पवित्र आहे आणि तेथे अस्थिविसर्जनही केले जाते. त्या दिवसांत काठावर गळ घेऊन उभे राहणे योग्य नाही, असे फोनवरच्या त्या गृहस्थांनी स्वतः मुसलमान असूनही आम्हाला स्पष्ट सांगितले. केवळ गिऱ्हाईक मिळवू पाहणाऱ्याने हे सांगितले नसते, आणि माझ्या मते या सेवेवर विश्वास ठेवायला एवढे एक कारण पुरेसे आहे.

परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा असतो आणि तो व्यक्तीच्या नावाने, ठरावीक जागेसाठी व ठरावीक तारखेसाठी मिळतो. ओळखपत्राच्या प्रती आधीच मागवून घेऊन त्यांनी तो श्रीनगरहून काढून आणला, सरकारी पावती हातात दिली आणि स्वतःच्या मेहनतीचा आकार वेगळा दाखवला. दिवसाला ठरलेल्या संख्येपेक्षा एकही मासा अधिक काढू न देण्याबाबत वाटाड्या आमच्याहून दक्ष होता. लहान मासा लागला तर आधी हात पाण्यात ओले करून, मग गळ सोडवून, तो त्याला पुन्हा पाण्यात सोडायला लावी.

नारानाग सुमारे 2,100 मीटरवर आहे आणि गंगाबल 3,500 मीटरच्या वर; अंतर साधारण पंधरा किलोमीटर, पण सुरुवातीची चढण देवदार-पाइनच्या रानातून सरळ अंगावर येते. एका दमात तळे गाठण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे लोक त्रुंखोलच्या कुरणात एक रात्र थांबवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण विरळ हवेत डोके दुखत असताना काठावर चार तास शांत उभे राहता येत नाही.

मासेमारीच्या बाबतीत अपेक्षा मात्र नीट ठेवाव्यात. ट्राउट मुळात येथली नव्हे. 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेली अंडी गालिच्यांचे कारखानदार फ्रँक मिचेल यांच्या देखरेखीखाली श्रीनगरजवळ उबवली गेली आणि तेथून ही जात काश्मीरच्या प्रवाहांत पसरली. इतक्या उंचीवरच्या थंड पाण्यात, जेथे वर्षातले कितीतरी महिने तळे गोठलेले असते, मासा सावकाश वाढतो. श्रीनगरच्या हॉटेलांत ताटात येते ती बहुधा शेततळ्यांत पोसलेली रेनबो ही दुसऱ्या जातीची ट्राउट असते. तिच्या आकारावरून तळ्यातल्या माशाचा अंदाज बांधू नये. गंगाबलचे पाणी ज्या ओढ्याने नुंदकोलमध्ये उतरते, त्याच्या मुखाशी वाहून येणारे किडे टिपायला मासा उभा असतो. पहाटे आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर तेथे फ्लाय, म्हणजे पिसे गळाला बांधून केलेली खोटी माशी, टाकावी. दुपारी वारा सुटला की पाणी डहुळते आणि हलकी दोरी हवी तेथे पडत नाही. कोकणात खाडीकाठी जड शिसे लावून गरवणाऱ्याला ही पिसांची बिनवजनी माशी फेकण्याचा हात बसायला वेळ लागतो, आणि वाटाड्याने तो वेळ न कंटाळता दिला. आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून कोठे उभे राहायचे, हेही त्याने दर वेळी दाखवले.

उणिवा तीन. भाड्याने मिळालेल्या काठ्या जुन्या होत्या; कड्या झिजल्यामुळे दोरी अडकत होती, तेव्हा पाच नंबरची (हलक्या दोरीची) काठी, तरंगणारी दोरी आणि जास्तीचे लीडर (दोरीच्या टोकाला फ्लाय बांधायचे बारीक धागे) आपलेच न्यावेत. दुसरे, स्वयंपाकी दिवेलागणीलाच जेवायला बोलावीत असे आणि मासा वर येण्याची वेळ नेमकी तीच असल्याने जेवण उशिरा ठेवायला पहिल्याच दिवशी सांगावे लागले. तिसरी उणीव पैशाची आहे: मुक्कामाच्या दिवशी घोडे नुसते चरत असले तरी त्यांचे भाडे लागते, हे आम्हाला वर गेल्यावर कळले. रक्कम वाजवी होती, पण ती आधी सांगायला हवी होती.

जाणाऱ्यांनी पोस्टपेड सिम जवळ ठेवावे, कारण बाहेरचे प्रीपेड काश्मीरमध्ये चालत नाही, आणि नारानागच्या वर फोन लागेल असे धरून चालू नये. परतीचा दिवस, गाडीची वेळ व घोड्यांचे दिवसागणिक भाडे हे सगळे श्रीनगर सोडण्यापूर्वी लेखी निरोपात मागून घ्यावे. मागितल्यावर ते देतात.